शिडी, दारू आणि दुःख

तलावावर तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. पोरंसोरं, त्यांचे आईबाप, तिकीटखिडकीतला माणूस, सगळ्यांची ती शिट्टीताई. गळ्यात पिवळ्या दोरीची शिट्टी, क्लोरीननं पिंगट झालेले आखूड केस, पायात फटफट वाजणाऱ्या रबरी सपाता, आणि आवाज असा, की पलीकडच्या टोकाला कानात पाणी गेलेल्या माणसालाही ऐकू जावा. पाण्याला घाबरणाऱ्यांना पोहायला शिकवणं हे तिचं काम. "पाण्यात पडू नका, उतरा," असं ती पहिल्या दिवशीच बजावायची. "पडणारा गटांगळ्या खातो, उतरणारा शिकतो."

लग्नाचं तिचं राहूनच गेलं. कुणी खोदून विचारलंच, तर म्हणायची, "माझे केस वाळेपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं." पण एकटी अशी ती नव्हती. थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर तिची खोली होती. खाली दादा, वहिनी आणि पुतणी, आणि रस्त्याच्या अंगाला दादाचं शिंप्याचं दुकान. दादाला सगळे मास्तर म्हणत. लांबलचक टेबल, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले बिनबाह्यांचे कोट, आणि कानामागे खोचलेला खडूचा तुकडा. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की मास्तर नजरेनंच त्याच्या छातीचं माप घेत आणि मग फीत लावून स्वतःची परीक्षा बघत. बहुतेक वेळा पास होत.

बाप दोघांच्या लहानपणीच गेला होता. घरं रंगवायचं काम करायचा. शिडीवरून पडला, डोक्याला मार बसला, मग त्याला माणसं ओळखू येईनात, आणि काही वर्षांनी संपला. त्याच्या आधी आजोबा गेले, ते दारूपायी. मोठी आत्या, म्हणजे बापाची बहीण, नवरा गेल्याच्या दुःखानं खचली आणि शेवटी शेवटी आरशातल्या बाईला 'बसा ना' म्हणायला लागली. घराण्याचा इतिहास असा एवढासाच. बापाच्या धाकट्या भावानं, काकानं, तो पोरांना सांगितला आणि पोरांनी तो पाठ केला. त्यात शंका घेण्याजोगं काय होतं? दारू, शिडी आणि दुःख या तिन्ही गोष्टी माणसाला मारतातच.

मास्तर चाळिशीच्या थोडे पुढे गेले, आणि एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं तेव्हा त्याचा उजवा हात असा काही पिळवटला, की मास्तर स्वतःच पोट धरून हसले. उरलेल्या कापडातून नवी बाही निघाली आणि गोष्ट तिथंच मिटली. एवढ्या वर्षांत एखादी चूक कुणाची होत नाही?

पण मग खिसा आतून शिवला गेला. एकाच माणसाचं माप एकाच भेटीत तीनदा घेतलं गेलं. मास्तर फीत लावायचे, आकडा मोठ्यानं म्हणायचे, वळून खडू उचलायचे, आणि तेवढ्यात आकडा कुठेतरी सांडून जायचा. बटणं आणायला गेलेले मास्तर चार गल्ल्या भटकून रिकाम्या हातानं परतू लागले. चिडू लागले. जन्मात कुणाला अरेतुरे न केलेल्या मास्तरांनी एका जुन्या गिऱ्हाइकापुढे टेबलावर कात्री आपटली.

लोकांची जीभ कुणी धरावी? "मास्तर हल्ली घ्यायला लागलेत," असं समोरचा न्हावी म्हणाला आणि गल्लीनं ते उचललं. वहिनी दुकानात काजं-बटणं करायची. ती दुपारी नवऱ्याच्या जवळून जाताना हळूच त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लागली. वास यायचा चहाचा.

"दारूचा आला असता तर बरं झालं असतं," ती एकदा नणंदेला म्हणाली. "दारू सोडवता येते."

शिट्टीताईनं तेव्हाच ठरवलं, की आता टाळाटाळ पुरे. दादाला तिनं मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर वयानं तिच्याएवढीच, बोलायला शांत. तिनं मास्तरांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मास्तरांनी वर्तुळ असं काढलं, की कंपासानंही कुणी काढणार नाही, आणि सगळे आकडे उजव्या अंगाला गर्दी करून बसवले. कागद लांब धरून त्यांनी पाहिला. "फिटिंग चुकलंय," ते म्हणाले. पण कुठे चुकलंय, ते त्यांना सापडेना.

"घरात असं आणखी कुणाला झालं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," शिट्टीताई म्हणाली. "वडिलांना झालं होतं थोडं, पण ते शिडीवरून पडले होते."

"तेव्हा वय काय होतं?"

"चाळिशीतलं."

"त्यांच्या आईवडिलांना?"

"आजोबा प्यायचे. लवकर गेले."

"कितव्या वर्षी?"

"पन्नाशी काही त्यांनी बघितली नाही." मग न विचारता तिनं आत्याचं सांगितलं, तीही चाळिशीतलीच. सांगता सांगता तिचा आवाज आपोआप उतरत गेला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "एकाला दारूनं, एकाला शिडीनं आणि एकीला दुःखानं, तिघांनाही नेमकं त्याच वयात गाठलं, असं तुम्हाला वाटतं का?"

मास्तर आपले कागदावरच्या घड्याळाकडे बघत होते.

तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं. अल्झायमर. म्हातारपणी होतो तोच, पण हा घराण्यातून येणारा, भर उमेदीत गाठणारा. असली घराणी फार थोडी. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की एका जनुकातली ही चूक आहे. आई किंवा बाप, ज्याच्याकडे ती असेल, त्याच्या प्रत्येक मुलाचं नाणं वेगळं उडतं. छापा पडला तर ती चूक येते, आणि आली की आजार टळत नाही. काटा पडला तर येत नाही, आणि त्याच्या पुढच्या पिढीतही जात नाही.

"माझं नाणं?" शिट्टीताईनं विचारलं.

"उडालेलं आहे. जन्माच्या आधीच. काय पडलंय ते रक्तावरून कळू शकतं. बघायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. घाई अजिबात नाही."

त्यानंतरचे महिने तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. विसरायची मुभा जगात सगळ्यांना असते, तिची तेवढी गेली. एखाद्या पोराचं नाव ओठावर येऊन अडलं, की ते आठवेपर्यंत ती काठावरून हलायची नाही. खोलीची किल्ली दुसऱ्या खिशात सापडली, तर ती पायरीवर बसून राहायची. आणि जिना उतरताना पुतणी दिसायची. कॉलेजात जाणारी, बापासारखीच लांब बोटांची, शिवणयंत्रावर पाय टाकून पुस्तक वाचणारी. तिचंही नाणं उडालेलंच होतं.

शिट्टीताई दादाला घेऊन पुन्हा डॉक्टरकडे गेली, तेव्हा तिनं सरळच विचारलं, "यावर औषध निघणार आहे की नाही?"

"शोध चालू आहे. तुमच्यासारख्या घरांमुळेच तो पुढे जाईल. आजार दिसायच्या कितीतरी आधी मेंदूत काय काय बदलतं, हे तुमच्याच घरांत बघता येतं, कारण कुणाला होणार हे आधी कळू शकतं. ते समजलं, तर म्हातारपणी होणाऱ्यांनाही फायदा. पण दोन गोष्टी कमी पडतात. पैसा आणि घरं."

"घरं?"

"समोर येतच नाहीत. आजार लपवतात."

"दादाला उपयोग होईल?"

डॉक्टरनं खोटं सांगितलं नाही. "बहुधा नाही," ती म्हणाली.

घरी येताना बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले होते. एकाएकी म्हणाले, "ती नाही म्हणाली ना?"

"हो, दादा."

"बरं झालं स्पष्ट बोलली. अर्धवट उसवलेलं मला आवडत नाही." मग बरंच अंतर गेल्यावर, "पोरीसाठी काय करता येईल ते कर. मी आहे तोवर मलाही वापर."

शिट्टीताईला भाषण येत नव्हतं, मोठ्या लोकांत तिची ऊठबस नव्हती. तिच्याकडे होता एक तलाव, तोही नगरपालिकेचा. तिनं व्यवस्थापकापुढे बेत मांडला. एक अख्खा दिवस तलाव खुला ठेवायचा. ज्याला जमेल त्यानं पोहावं, त्याच्या नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी फेरीमागे काहीतरी द्यावं, आणि जमलेलं सगळं संशोधनाला जावं.

व्यवस्थापक सज्जन होता, पण भित्रा. "ताई, तलावावर आजाराचं नाव कशाला? लोक विचारतील, पाण्यातून लागतो का?"

"विचारू देत की. सांगेन, फक्त आईबापाकडून लागतो, तोही सगळ्यांना नाही. विचारलंच नाही तर मी सांगू कुणाला?"

त्यानं मान खाजवली आणि हो म्हटलं. तिकीटखिडकीपाशी हातानं रंगवलेला फलक लागला. अक्षरं पुतणीची होती. 'आमच्या घरात अल्झायमर आहे. तो पिढ्यान्पिढ्या येतो. तो दारूनं होत नाही, लाजेनं बरा होत नाही. संशोधनासाठी पोहायला या.'

फलक लागला आणि आठवड्याच्या आत काका तलावावर हजर झाला. सत्तरीचा, ताठ कण्याचा, कडक इस्त्रीतला माणूस. तरातरा काठावरून चालत आला.

"काका, बूट काढा. काठावर बूट चालत नाहीत."

"मी भांडायला आलोय."

"भांडा, पण बूट काढून."

बूट हातात घेऊन भांडणं तसं अवघडच. तरी काकानं जोर लावला. "घराण्याची लक्तरं वेशीवर टांगलीस. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, कळतं का तुला? उद्या त्यांनी हा फलक वाचला तर? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी."

तिनं त्याला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, बाकावर बसवलं. भिंतीला टांगलेल्या पोहायच्या फळ्यांमधून पाणी ठिबकत होतं.

"काका, बाबा शिडीवरून पडले, म्हणून आजारी झाले ना?"

काका म्हणाला, "शिडी नंतरची. आधी तो रंगवलेलीच भिंत पुन्हा रंगवायला लागला होता. वर चढला आणि उतरायचं कसं तेच त्याला सुचेना. लोक वेड्याचं घर म्हणाले असते, मग मी शिडी पुढे केली. आजोबांचंही तसंच. पीत होते, पण आजारी पडल्यानंतर."

"आणि तुम्ही?"

"माझं काय?"

"तुम्हाला भीती नाही वाटली कधी?"

काकानं बूट खाली ठेवले. "रोज सकाळी जाग आली, की मी अंथरुणातच मनातल्या मनात नावं घेतो," तो म्हणाला. "बायको, मुलगी, डावीकडचे शेजारी, उजवीकडचे. सगळी आठवली, की मगच पाय खाली टाकतो. भाऊ गेला तेव्हापासून. हिलासुद्धा माहीत नाही."

शिट्टीताईला भरून आलं. रागावून आलेल्या माणसावर रागावण्याची तिनं तयारी केली होती, ती सगळी वाया गेली.

"काका, नीट ऐका. आपल्या घरात हा सगळ्यांना चाळिशीत गाठतो. तुम्ही सत्तरीचे आहात आणि माझ्याशी मुद्देसूद भांडताय. तुमच्याकडे तो आलेलाच नसणार. आणि तुमच्याकडे नाही, तर तुमच्या मुलीकडे जाणारच नाही. डॉक्टरला विचारा, तपासणी करून घ्या. फलक वाचून कुणी लग्न मोडायला आलं, तर डॉक्टरचा कागद दाखवा."

काका तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं मूठ झाकून बसलेल्या त्या माणसाला तीत काही नाही हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, कारण विचारायला तो कुणाकडे गेलाच नव्हता.

"आम्ही तिघं भावंडं," तो म्हणाला. "तिघांत मीच का सुटलो?"

"नाणं होतं, काका. त्यात तुमची हुशारी नाही आणि त्यांचा दोष नाही."

तो उठला आणि बूट तसेच हातात घेऊन दारापर्यंत गेला. पुढे तपासणी झाली, तो सुटलेला होता. मुलीला जवळ बसवून त्यानं आजोबांपासून सगळं सांगितलं. लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

पोहण्याचा दिवस उजाडला तो ढगाळ. सुरुवातीला माणसं मोजकीच. घरचे, डॉक्टर, गल्लीतली थोडी गिऱ्हाइकं, नेहमीच्या म्हाताऱ्या, आणि व्यवस्थापकाचा मेहुणा, तोही ओढून आणलेला. शिट्टीताईनं ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि तिचा आवाज, जो एरवी पलीकडच्या टोकाला जायचा, पहिल्या रांगेपुढे जाईना. कागदावर लिहून आणलेली चार वाक्यं तिनं वाचली आणि थांबली.

तेव्हा मास्तर पुढे आले. बोलायचं काही ठरलेलं नव्हतं. वहिनी त्यांना धरायला उठली, तर शिट्टीताईनं मानेनंच राहू दे म्हटलं.

"मी शिंपी," ते म्हणाले. "इथे माझी गिऱ्हाइकं दिसतात. काहींना माझ्याकडून दोन डाव्या बाह्यांचे कोट गेले आहेत. त्यांनीही थोडा हातभार लावावा."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. न्हावी मागच्या रांगेत होता, तो मान खाली घालून हसला.

"मी दारू पीत नाही. मला आजार आहे. माझ्या बापालाही होता, पण आम्हाला सांगितलं शिडी. मी मुलीला शिडी सांगणार नाही. मला..." ते थांबले. शब्द गेला होता. त्यांनी हवेत बोटं फिरवली, जणू टेबलावर खडू शोधत होते. तलावाचं पाणी कडेला थपथपत होतं. "मी काय सांगत होतो?"

"लपवू नका, असं सांगत होतात," वहिनी बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली.

"हां. लपवू नका. लवकर दाखवा." आणि ते जाऊन तिच्याशेजारी बसले.

दुपारपर्यंत बातमी गल्लीगल्लीतून फिरली आणि माणसं येत राहिली. ज्यांना पोहता येत नव्हतं, ते कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेले, त्याचीही फेरी धरली. न्हाव्यानं दुकान बंद करून शर्टाची घडी बाकावर ठेवली आणि धापा टाकत पलीकडचं टोक गाठलं. तिथं लोखंडी शिडीला लटकून तो मास्तरांना म्हणाला, "माफ करा, मास्तर." मास्तरांना ते कशाबद्दल आहे ते कळलं नाही, पण त्यांनी हात वर केला. संध्याकाळी जे जमलं, ते डॉक्टरच्या देखत संशोधन करणाऱ्या संस्थेकडे गेलं. समुद्रात थेंबच म्हणायचा. पण डॉक्टर म्हणाली, की थेंबांखेरीज त्यांच्याकडे आजवर काही आलेलंच नाही.

पुढे तो दिवस वर्षातून एकदा होऊ लागला. मास्तरांनी कात्री सोडली. दुकान वहिनीनं दुरुस्तीच्या कामावर चालू ठेवलं. ती मास्तरांसमोर रिकामी काजं पाडलेलं कापड ठेवायची आणि त्यात बटणं घालण्यात ते तास न् तास रमायचे. मग तेही थांबलं. बहिणीला ते 'अहो बाई' म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती वर जाऊन रडली. नंतर तिनं 'हो मास्तर' म्हणायची सवय लावून घेतली. थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते गेले. त्यांचा मेंदू, त्यांनी सही करता येत होती तेव्हाच सांगून ठेवल्याप्रमाणे, संशोधनाला दिला.

शिट्टीताई आता दादाला आजार दिसला त्या वयाची आहे. संशोधनासाठी दर वर्षी ती जाते. यंत्राच्या नळीत निजते, पाठीच्या कण्यातून पाणी काढू देते, कोडी सोडवते, रक्त देते. त्या रक्तात काय आहे ते संशोधकांना माहीत आहे. तिनं मात्र तो निकाल घेतलेला नाही. घ्यायचा नाही असंही नाही. "आज नको," असं ती सांगते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा म्हणते. पुतणीनं, शिक्षण संपल्यावर, समुपदेशकाशी अनेक बैठका करून आपला निकाल घेतला. काय निघालं ते तिनं आईला सांगितलं.

"आतू, तुला सांगू?" तिनं विचारलं होतं.

"तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

पुतणीनं मान हलवली आणि दोघी पाण्यात उतरल्या. नंतरही तो विषय तिनं काढला नाही, आणि शिट्टीताईनं विचारलं नाही.

गेल्या वेळच्या पोहण्याच्या दिवशी सगळं आवरलं, तरी कपडे बदलायच्या खोलीत एक अनोळखी बाई बसून होती. लांबून आलेली दिसत होती, पोहली नव्हती. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसली होती. शिट्टीताईनं ओले टॉवेल टोपलीत टाकता टाकता विचारलं, "काही राहिलंय का तुमचं?"

"माझा भाऊ," बाई म्हणाली. "चाळीसचा आहे. गवंडी आहे. आम्ही सगळ्यांना सांगतो, की तो पितो."

शिट्टीताईनं टोपली खाली ठेवली, बाकावरचं पाणी हातानं पुसलं आणि ती तिच्याजवळ बसली.

"तुमच्या वडिलांबद्दल काय सांगतात?" तिनं विचारलं.